क्लच नसलेली गाडी

आमच्या बाबांचा डावा पाय होडी आणि धक्का यांच्या मध्ये चेंगरला आणि गुडघ्याखाली त्यात जोर म्हणून राहिला नाही. समुद्र सुटला. दोन वर्षं ते आमच्या दिवाळे गावाच्या बंदरावर बसून दुसऱ्यांच्या जाळ्यांना नावं ठेवत होते; घरात कुणाशी धड बोलत नव्हते. मग बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यातला परदेशी साहेब मायदेशी गेला आणि त्याची जुनी पिकअप भंगारात निघाली. ऐंशी सालानंतरची गोष्ट. स्टिअरिंग डाव्या बाजूला आणि डाव्या पायाने दाबायचा क्लचच नाही. गिअर आपोआप बदलायचे. पेडल दोनच, दोन्ही उजव्या पायाने दाबायची. भंगारवाल्याकडे तिला गिऱ्हाईक नव्हतं, आम्हाला मात्र ती बाबांसाठीच केलेली वाटली. आय आणि शेजारच्या चार बायका मासळीच्या पाट्या घेऊन मागे बसायच्या, बाबा त्यांना ठाण्याच्या बाजारात पोचवायचे. ते पुन्हा शिव्या द्यायला लागले, तेव्हा माणूस बरा झाला असं आम्ही समजलो.

पावसाळ्याच्या तोंडावर एकदा बाजारातून परतताना ऐरोलीजवळ फॅनचा पट्टा तुटला आणि इंजिन तापून बंद पडलं. त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मीही बरोबर होतो. मी कारखान्यात फिटर, घरात इंग्रजी वाचणारा एकटा, त्यामुळे अशा वेळी सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. मागून गावातल्या एका काकांचा टेम्पो आला. आमच्याकडे खाडीत कुणाचं मशीन बंद पडलं की जो पहिला दिसेल त्याने दोर टाकायचा आणि होडी ओढत बंदरात आणायची, ही रीत. काकांनी दोर टाकला. मी तो आमच्या गाडीला बांधला, गिअरची दांडी न्यूट्रलला केली आणि म्हणालो, "चला." गावापर्यंत आम्ही ती तशीच ओढत आणली.

दुसऱ्या दिवशी नवा पट्टा बसवला. इंजिन लगेच सुरू झालं, पण गाडी जागची हलेना. नुसता आवाज वाढायचा आणि जळक्या तेलाचा वास यायचा.

पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून ती तशीच पडून राहिली; श्रावण लागल्यावर तळवलीचा मेकॅनिक घरी येऊन बघून गेला. साताऱ्याकडचा माणूस, खोटं बोलायचा नाही. बाबांना म्हणाला, "काका, असला गिअरबॉक्स म्या जन्मात खोललेला न्हाई. खोलतो, पर पार्ट इथं मिळायचं न्हाईत. तयार करून घ्यायचं म्हटलं तर चार म्हैनं लागत्याल, न्हाईतर खोललेलाच पडंल. त्यापरीस जीपचा साधा गिअरबॉक्स टाकू. आठ दिवसांत गाडी रस्त्यावर. फकस्त क्लच येईल."

फकस्त क्लच. बाबा स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत राहिले.

नारळी पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली होती. त्यानंतर होड्या निघणार, मासळी येणार. आय म्हणाली, "मासली थांबत नाय. त्या चौघींना मी काय सांगू?" बाबा म्हणाले, "खोला तो. चार म्हयनं मी थांबन." मग भिंतीकडे तोंड करून, "नाय तं मी काय करू? परत बंदरावर बसू?" त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला घरातून उठून पळून जावंसं वाटत होतं.

शेवटी त्यांनी गाडीच्या कप्प्यातलं पुस्तक आणून माझ्यासमोर ठेवलं. साहेबाचं होतं, इंग्रजी. इतके दिवस आम्ही ते उघडलंही नव्हतं. "तू वाच. त्यात कायतरी लिवला असल. तू सांगशील तसा करू."

मी पडवीत बसून वाचलं. दुरुस्तीबद्दल त्यात काही नव्हतं. एका पानावर मात्र चौकट होती: मागची चाकं रस्त्यावर ठेवून ही गाडी ओढू नये, इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला तेल पोचत नाही, तो जळतो. ते मी तीनदा वाचलं. मग पुस्तक मिटलं.

"काय लिवलाय?" बाबांनी विचारलं.

"काय नाय. जुना झाला की जातो, एवढाच."

आणि मीच जीपचा गिअरबॉक्स टाकायला सांगितलं. आयसाठी, चौघींसाठी, हंगामासाठी. सगळी कारणं खरीच होती. पण जुना गिअरबॉक्स भंगारात गेला की माझी चूकही त्याच्याबरोबर जाईल, हेही मनात होतं. याची लाज मला आजही वाटते.

गाडी तयार झाली तेव्हा बाबा आधी स्वतः बसले. दोन्ही हातांनी डावा पाय उचलून त्यांनी क्लचवर ठेवला आणि गुडघ्यावर हात रेटून दाबला. पेडल हललं नाही. तीनदा दाबलं. मग पाय तसाच उचलून खाली घेतला आणि मला म्हणाले, "चालव."

ते पुन्हा बंदरावर बसायला लागले. एकदा मी तिथून जात होतो. टेम्पोवाले काका त्यांच्यासमोर मान खाली घालून उभे होते. आपण ओढली म्हणून तर बिघडली नाही ना, हे विचारायला आले होते. बाबांनी त्यांना हात धरून शेजारी बसवलं.

"येडा हायस काय? माज्या पोरानं अख्खा पुस्तक वाचला," ते म्हणाले. "कोनाची चूक नव्हती."