पडवीत जुळवलेली सुई

माझ्या भावाच्या व्हायोलिनची एकच रेकॉर्ड आमच्या घरात आहे, आणि तीही त्याच्या नावाची नाही. मुंबईत तो दुसऱ्यांच्या गाण्यांमागे वाजवायचा. त्यातलीच ही एक. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, आणि त्या गाण्याच्या मधला तुकडा त्याचा एकट्याचा. गावच्या चर्चमधल्या मास्तरांकडे बसून शिकलेला मुलगा तो, आम्हाला तेवढ्याचंच कोण कौतुक. तो गेल्यावर वहिनी ती रेकॉर्ड आणि प्लेअर घेऊन माझ्याकडे गावी राहायला आली.

आता दुखणं असं की रेकॉर्ड सुरुवातीला छान वाजायची, पण सुई मधल्या कागदी चकतीकडे सरकायला लागली की आवाज फाटायचा. भावाचा तुकडा नेमका तिथेच. व्हायोलिन वाजतंय की कुणी लाकूड कापतंय, कळायचं नाही. वहिनी म्हणायची, असूं दे, माका मूळचा आठवता. पण मग तिच्या कानांचं झालं. एक कान केव्हाच गेलेला, दुसराही उतरत चालला होता. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की बारीक, चढे आवाज आधी जातात. व्हायोलिन म्हणजे दुसरं काय असतं हो? परतीच्या वाटेवर ती रिक्षात निवांत बसलेली, दिवस मोजत होते ती मीच. हिला तो तुकडा एकदा तरी धड ऐकू यायला हवा होता, आणि वेळ आमच्या हातात नव्हता.

फोनवर व्हिडिओ बघबघून मी शिकले. सुई ज्या छोट्या डबीत बसते ती कार्ट्रिज. ती आर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, टोकाला किंचित तिरकी बसली असेल तर शेवटच्या, आखूड फेऱ्यांत सुई खाचेत नीट बसत नाही, आणि आवाज फाटतो. वर खाचही खरवडते. हे ऐकल्यापासून तर मला ती रेकॉर्ड लावायचीच धास्ती वाटायला लागली. इतकी वर्षं आपण ती झिजवतोय की काय, आणि अजून किती उरली असेल?

नवी कार्ट्रिज मागवली. तिच्यासोबत रेघांच्या जाळीचा एक कागद आला. तो तबकडीच्या जागी ठेवायचा, सुईचं टोक त्यावरच्या ठिपक्यावर टेकवायचं, आणि डबीच्या कडा रेघांशी समांतर होईपर्यंत ती सरकवायची. एक ठिपका बाहेरच्या बाजूला, एक आत. एकाला जमलं की दुसऱ्याला बिघडतं. केसासारख्या चार तारा, तिळाएवढे स्क्रू, आणि माझी बोटं ही अशी जाडजूड. माजघरात मला काही दिसेना, म्हणून प्लेअर पडवीत आणला. तिथे उजेड चांगला. वहिनी बाजूला कोकमाची सोलं निवडत बसली होती. माझं तोंड बघून म्हणाली, "सुई बसयतंस काय ऑपरेशन करतंस गो?"

अखेर डबी जुळली. पण आर्म तोलून अधांतरी सोडला की आपला आतल्या बाजूला पळायचा. आर्मच्या बुडाशी एक छोटं चक्र असतं, ते सुईला बाहेरच्या अंगाला धरून ठेवतं. ते फिरवत फिरवत पार शेवटाला नेलं, तेव्हा कुठे तो ऐकायला लागला. भजनाची एक जुनी रेकॉर्ड लावून पाहिली. शेवटपर्यंत स्वच्छ. मला इतकं बरं वाटलं की मी चहा टाकला.

मग प्लेअर आत नेऊन टेबलावर ठेवला आणि तीच भजनं लावली, तर सुई उडी मारून मागे जायची, पुन्हा उडी, पुन्हा मागे. तार तुटली, की स्क्रू सुटला, की नवी सुईच मोडली मी? भावाची रेकॉर्ड ह्या सुईखाली ठेवायची? मी सगळं खोलून परत पहिल्यापासून करायला निघाले, तेव्हा वहिनीने माझा हात धरला.

"पडवेक उतार आसता, इसारलंस काय गो? पावसाचा पाणी खळ्यात जावचा म्हणान तूच गवंड्याक सांगून करून घेतलंस."

घ्या. अंगणाकडे उतरणाऱ्या तिरक्या जमिनीवर बसून मी सरळ करत होते. डबी रेघांवर ठीकच होती, ते चक्र तेवढं उताराच्या हिशोबाने ताणलेलं. टेबलावर पाणी भरलेलं ताट ठेवून पाहिलं, पाणी काठाशी सगळीकडे सारखं. चक्र मागे आणलं. भजनं नीट वाजली, तरी मी ती दोनदा ऐकली. धीरच होईना.

मग भावाची रेकॉर्ड लावली. वहिनी चांगला कान स्पीकरला लावून बसली. मी गाणं कुठलं ऐकते, माझे डोळे सुईवर. ती आत आत सरकत गेली, त्याचा तुकडा सुरू झाला, खालच्या सुरांतून वर चढला, आणि कुठेही फाटला नाही. असा गोड, असा ओला सूर. मी वहिनीकडे पाहिलं. खालच्या सुरांना तिची मान डोलत होती, ती वरच्या सुरांवर थांबली.

रेकॉर्ड संपल्यावर तिने विचारलं, "फाटाक नाय मां?"

"नाय."

"वरचे सूर माका आयकाक येवक नाय."

आपण उशीर केला, एवढंच डोक्यात. तीच पुढे म्हणाली, "तुका आयकाक इले मां? मगे तू म्हणान दाखय. जाड्या आवाजात."

मी सुई परत त्या गाण्यावर ठेवली. व्हायोलिन वर चढलं तशी वहिनीच्या कानाशी तोंड नेऊन तेच सूर माझ्या घोगऱ्या आवाजात खाली उतरवून गुणगुणले. मध्ये एका ठिकाणी माझा श्वास तुटला.

"बेसूर गो तू," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "थांबू नको."