हातात न देण्याची रीत

लेकीकडे ओहायोला गेलो की शेजारचे म्हातारे वॉल्टर मला आपल्या जुन्या बंदुका बघायला बोलावतात. मला बंदुकीची भीती वाटते, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

परवा त्यांनी आजोबांची शिकारीची बंदूक कपाटातून काढली, उघडून ती रिकामी असल्याची खात्री केली आणि माझ्या हातात दिली.

"आता तुम्हीही बघा."

"आत्ताच तर तुम्ही पाहिलंत."

"तरीही. हातात आली की ज्याने त्याने बघायचं."

मी बघितलं. गाल टेकून टेकून दस्त्याचं लाकूड गुळगुळीत झालं होतं. परत देताना मात्र मी ती टेबलावर ठेवली. सवयच ती. आई सुरी कधी कुणाच्या हातात देत नसे. भांडण होतं म्हणायची. वॉल्टरना हे सांगितलं, तर ते हसले नाहीत.

"चांगली रीत आहे," म्हणाले.

एवढ्या बंदुका बाळगणारा हा माणूसही त्यांना भिऊनच असतो, हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं. भीती नीट सांभाळली की तिची रीत होत असावी.

मग त्यांनी सफरचंदं आणली. सुरी घ्यायला मी हात पुढे केला, तर त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि मी उचलेपर्यंत थांबून राहिले.