लाल पट्ट्याचं झाड

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेतल्या आमच्या एडिसन गावच्या थंडीला वैतागून आम्ही फेब्रुवारीत सेंट क्रॉय या उबदार बेटावर गेलो. नवरा, मी, पाच वर्षांची लेक आणि सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या सासूबाई. सासूबाईंचं नि माझं जेमतेमच जमायचं. फळाची फोड आधी स्वतः चावून बघायची नि मग उरलेली नातीला द्यायची, ही त्यांची रीत. ते उष्टं बघून माझ्या अंगावर काटा यायचा.

सकाळी उसाचा जुना मळा पाहिला. दगडी पवनचक्की आणि गुलामांच्या खोल्यांची उरलेली जोती. “एवढ्याशा जागेत माणसं राहायची?” सासूबाईंनी विचारलं.

दुपारी समुद्रावर गेलो. नवरा पाण्यात उतरला, मी टॉवेल पसरून आडवी झाले, नि सासूबाई नातीला घेऊन झाडाखाली सावलीला बसल्या. पडलेलं फळ पदरात घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

“अगं, हे बघ, कसली छान हिरवी फळं! वास तर किती गोड!”

“आई, राहू द्या ना. कुणाचं झाड असेल.”

“खोडाला लाल पट्टा मारलाय. सरकारी झाड दिसतंय, कोण बोलणार?”

आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडांना गेरूचे पट्टे मारतात, तसाच तो होता. मलाही पटलं. मी डोळे मिटले.

लेकीच्या किंचाळण्यानं दचकून उठले. सासूबाई गळा धरून वाळूत बसल्या होत्या. ओठ सुजलेले, तोंडातून लाळ गळत होती, आवाज फुटत नव्हता. पदरात फळं, त्यातलं एक चावलेलं. लेकीच्या हातात काहीच नव्हतं आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“तू खाल्लंस? बाळा, टेल मी!”

ती नुसती रडत होती. सासूबाई तिच्याकडे बोट दाखवायच्या नि स्वतःचे तळहात एकमेकांवर चोळायच्या. मला वाटलं, हिलाही दिलं म्हणून सांगताहेत. मी सगळ्यांसमोर ओरडले, “तिलाही दिलंत ना? कशाला दिलंत?”

नवऱ्यानं पाण्यातून धावत येऊन सगळ्यांना गाडीत घातलं. त्या बेटावर गाड्या डावीकडून चालतात, नि नवऱ्याची ती सवय कधीच मोडलेली. दोनदा समोरून येणाऱ्या गाडीवर आदळता आदळता वाचलो. मागच्या सीटवर सासूबाईंचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि मी लेकीचं तोंड उघडून बघत होते. जीभ लालभडक. पण तिनं मघाशी लाल आइसकँडी खाल्ली होती, त्यामुळे काहीच कळेना. आता हिचाही गळा सुजेल, आता सुजेल, असं वाटत होतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी फळ बघितलं आणि ते लांब ठेवायला सांगितलं. झाड विषारी, नुसता चीक लागला तरी कातडी भाजते, लाल पट्टा त्यासाठीच मारलेला, असं ते म्हणाले. सासूबाईंना आत नेलं. लेकीचं तोंड त्यांनी दोनदा तपासलं, काही नव्हतं. फळं वेचली होती त्या तळहातावर मात्र दोन फोड आले होते. नर्सनं साबणानं तिचे हात धुतले, तेव्हा कुठे तिचं रडं थांबलं.

“आजी सेड वेट,” ती म्हणाली. “आजी ईट्स फर्स्ट.”

मी तिला कुशीत घेऊन सासूबाईंच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसले.

सासूबाईंना रात्रभर ऑक्सिजन लावला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

“पोरीचे हात धुतलेस का?”

वाळूत बसून त्या मला एवढंच सांगत होत्या.

“धुतले, आई,” मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.