मसुद्यावर जिंकलेली विहीर

माझ्या आत्याचा स्वभाव असा की घरात साप निघाला तर आधी त्यालाच विचारेल, तुला इथं बोलावलं कुणी? त्यामुळे चिखलोलीच्या तिच्या मळ्यावर सरकारी नोटीस आली तेव्हा ती घाबरली नाही, भडकली. कागद पिशवीत कोंबून ती रिक्षाने थेट उल्हासनगर कोर्टात आली आणि तो माझ्या टेबलावर आपटला. टेबल माझं नव्हतंच, सिनियरांचं होतं. मला वकिलीची सनद मिळून जेमतेम दोन वर्षं झाली होती.

"वाच. माझी बाव बंद करतात म्हनं."

मी वाचलं. राज्याच्या भूजल नियमांप्रमाणे तुमची विहीर नोंदवलेली नाही, सात दिवसांत उपसा थांबवा, नाहीतर मोटार सील करू. आत्याच्या मागे नवरा नाही, मूलबाळ नाही. आहे तो सासऱ्यांनी खणलेल्या त्या विहिरीवरचा भाजीचा मळा. चारी बाजूंनी टॉवर उठले, जमीन विकून मोकळी हो म्हणून माझ्या वडिलांनीही तिचं डोकं खाल्लं, पण ती रोज पहाटे माठ, पालक, शेपूच्या जुड्या बांधून अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात बसायची. पाणी थांबलं असतं तर आठवड्यात मळा करपला असता.

"माझ्या जमिनीतला पानी, आनि परवानगी त्यांची?" ती म्हणाली. आजूबाजूचे वकील हसायला लागले. मलाही हसू येत होतं, पण माझी तिच्यापुढे हसायची छाती नव्हती.

तेव्हा माझ्या अंगात नवा जोश होता. कुणी नियम म्हटला की मी तो मुळापासून वाचायची. रात्रभर नाही, दुपारी चहाच्या सुट्टीतच वाचला, आणि पहिल्याच पानावर मला घबाड सापडलं. ते नियम मसुदा होते. म्हणजे शासनाने ते छापून लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, अंतिम केलेच नव्हते. मी पुढचं राजपत्र धुंडाळलं, सिनियरांना विचारलं. मूळ कायदा होता, पण नोटिशीत ज्या नियमाचा आधार घेतला होता तो अजून लागूच नव्हता.

मी दोन पानी उत्तर लिहिलं. इतकं झोकात लिहिलं की स्वतःच तीनदा वाचलं.

तालुक्याच्या कार्यालयातले साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी ते नियम प्लॅस्टिकच्या फाइलीत नीट लावून ठेवले होते आणि कित्येक दिवस त्यावर नोटिसा काढत होते.

"पण मॅडम, मसुदा म्हणजे आज ना उद्या होणारच ना?"

"साहेब, साखरपुडा झाला म्हणून कुणी सासरी राहायला जातं का?"

साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी शेजारच्या टेबलावर जाऊन सांगितलं. आठवड्याभरात नोटीस मागे घेतल्याचं पत्र आलं. आत्याने मला शेपूच्या सहा जुड्या दिल्या. मला शेपू आवडत नाही हे तिला चांगलं ठाऊक आहे, पण तिच्या लेखी त्याहून मोठं बक्षीस नव्हतं.

माझं उत्तर मात्र तिने सोडलं नाही. त्याच्या झेरॉक्स काढून आणल्या आणि मळ्यावर येईल त्याला दाखवायला लागली. "भाचीनं लिवलंय. सरकारला गप केला." कुणी मागितली तर प्रत देऊनही टाकायची. मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला गुदगुल्या होत होत्या.

दिवाळीनंतर शेजारच्या साइटचा सुपरवायझर मिठाईचा पुडा घेऊन आला. मावशी, मावशी करत बसला, तिच्या हातचा चहा प्याला आणि जाताना एक प्रत घेऊन गेला.

मग त्यांच्या साइटवर बोअर मारायची गाडी आली. तीन दिवस जमीन हादरत होती. आत्याने तक्रार केली, साहेब स्वतः धावत आले, आणि सुपरवायझरने त्यांच्या हातात दोन पानं ठेवली. आत्याचा फोन आला म्हणून मीही पोचले होते. पानं माझीच होती. फक्त सर्व्हे नंबर आणि अर्जदाराचं नाव बदललं होतं, माझं एकूण एक वाक्य जागच्या जागी होतं. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, आता मी याला कुठल्या नियमाने थांबवू?" ते टोमणा मारत नव्हते, खरंच विचारत होते. मला आयुष्यात पहिल्यांदा वकील झाल्याची लाज वाटली.

होळीपर्यंत आत्याची मोटार हवा ओढायला लागली. मे महिन्यातही कधी न आटलेली विहीर होती ती.

आत्या पुन्हा कोर्टात आली. या वेळी काही आपटलं नाही. समोर बसून म्हणाली, "तू हुशार हायस. आता लिव, नियम लागू हाय म्हनून."

तसं लिहिता येत नाही हे मी तिला समजावलं. त्या बोअरविरुद्ध मी दावा लावलाय, तारखा पडताहेत.

गेल्या रविवारी बाजारात गेले होते. आत्या नेहमीच्या जागी बसली होती, पुढ्यात कल्याणच्या घाऊक बाजारातून आणलेला पालक. एका बाईने जुडी उचलून विचारलं, "मावशी, मळ्यातलाच ना?"

जन्मात कुणाची भीड न ठेवणाऱ्या माझ्या आत्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

"मळ्यातलाच, बाय," ती म्हणाली आणि पालकावर पाणी शिंपडायला लागली.