मामांनी केलेलं हिटरचं निदान

बिघडलेली वस्तू दिसल्यावर माझ्या बायकोच्या मामांना होतो तेवढा आनंद अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला होत नसेल. चालू वस्तूत त्यांना काडीचाही रस नाही. आम्ही नवा फ्रीज घेतला तेव्हा त्यांना कौतुकानं घरी बोलावलं, तर चहा पिता पिता ते त्याच्याकडे असे पाहत होते की, हा कधी बंद पडतो आणि मी याची पाठ कधी उघडतो. नोटांच्या प्रेसमध्ये मशीन दुरुस्तीत हयात घालवून ते निवृत्त झाले, पण निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. नाशिक रोडच्या त्यांच्या कॉलनीत कुणाचा मिक्सर घरघरला की तिसऱ्या मिनिटाला मामा दारात हजर. आणि हत्याराला हात लावण्याआधी जुन्या वैद्यासारखी चौकशी सुरू. हे कधीपासून होतंय? सकाळी जास्त की संध्याकाळी? आवाज आधी येतो की वास? समोरची बाई काकुळतीनं म्हणते, "अहो काका, चटणी वाटायची राहिलीय." त्यावर मामांचं ठरलेलं उत्तर, "आधी निदान, मग पाना." चटणीला मग दुपार होते.

माझ्या मेहुण्याच्या, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भाच्याच्या लग्नात तर कहरच झाला. मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं. मामा उभे राहिलेही, नवा फेटा बांधून. पण दुसऱ्या मंगलाष्टकाला माईक घुमायला लागला आणि त्यांचे कान टवकारले. तिसऱ्याला नवरदेवानं हळूच मागं पाहिलं तर पाठीशी कुणीच नाही. मामा स्टेजखाली पालथे पडून वायर चाचपत होते, आणि चौथ्या मंगलाष्टकाच्या ऐन मध्यावर "याला अर्थिंगच नाही" हे त्यांचे शब्द स्पीकरमधून साऱ्या हॉलनं ऐकले. अक्षता त्यांच्या मुठीत तशाच राहिल्या होत्या. त्या त्यांनी नंतर जेवणाच्या पंगतीत टाकल्या.

त्यांची आणखी एक खोड आहे. नट असो, स्क्रू असो, पाइपावरची क्लिप असो, आवळून झाली की तिच्यावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका. ठिपका तडकला तर समजायचं की नट ढिला झाला किंवा कुणीतरी हात लावला. त्यांच्या घरात गॅसच्या शेगडीपासून देवघराच्या बिजागरीपर्यंत सगळीकडे हे लाल ठिपके आहेत. मामींनी जन्मात कधी नखं रंगवली नाहीत, पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराची समजूत अशी की, काकू भलत्याच हौशी आहेत. मामी त्याला कधी खरं सांगत नाहीत.

मागच्या वर्षी मामींचं डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पहिली पाळी. नाशिक रोडहून मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलात सहा वाजता पोचायचं. त्यात नाशिकची थंडी, आणि या आजारात थंडी हाडांतच शिरते म्हणतात. दोन स्वेटर, शाल, कानटोपी, वर मामांचा जुना कोट एवढं सगळं घालूनही मामी गाडीत कुडकुडायच्या. गाडीचा हिटर चालू केला की पंखा जोरात फिरे, आणि बाहेर येई ती गार हवा. डिसेंबरातल्या एका मंगळवारी मामी म्हणाल्या, "आज नाही जात. नकोच वाटतं." आणि खरंच गेल्या नाहीत. बुधवारी पायांवर सूज आली. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, एकही पाळी चुकवून चालणार नाही.

त्या संध्याकाळी मला फोन आला. "जावईबापू, रविवारी सकाळी या. हिटर गार हवा मारतोय. पंखा ओके, हवा गार. लय इंटरेस्टिंग केस आहे." आवाजात उत्साह नेहमीचाच होता, पण रविवारला अजून चार दिवस आहेत हे त्यांनी दोनदा बोलून दाखवलं.

पहिल्या रविवारी मामांनी उदबत्तीच्या धुरानं हवेची दिशा तपासली. रेडिएटरचं झाकण काढून पाणी पाहिलं, बोट बुडवून वास घेतला. मग थर्मोस्टॅट काढून तो सरळ मामींच्या दुधाच्या पातेल्यात उकळला. पाणी तापल्यावर त्याचं तोंड व्यवस्थित उघडलं, तेव्हा गॅसपाशी उभे राहून मामा पोर पास झाल्यासारखे हसले. "हा निर्दोष. म्हणजे गुन्हेगार पुढं आहे." गुन्हेगार जितका पुढं सरके तितके मामा खुलत. दुसऱ्या रविवारी पाइपांची पाळी. इंजिनातलं गरम पाणी एका पाइपानं हिटरकडे जातं आणि दुसऱ्यानं परत येतं. मामांनी वरून हात घालून दोन्ही पाइप चाचपले, मलाही चाचपायला लावले. दोन्ही चांगले गरम. "पाणी फिरतंय," मामा टाळी वाजवून म्हणाले. "म्हणजे दोष आतल्या झडपेत. काढा डॅशबोर्ड." दुपारपर्यंत गाडीचा निम्मा डॅशबोर्ड त्यांच्या दिवाणावर आला. झडप अगदी उत्तम होती, आणि हिटर मात्र दगडासारखा थंड.

"पाइप गरम, हिटर गार," मामा जिन्यावर येरझारा घालत म्हणत होते. असं कोडं त्यांना अख्ख्या नोकरीत पडलं नव्हतं, आणि आनंद नुसता चेहऱ्यावरून वाहत होता. या गाडीला पूर्वी कोण्या गाढवानं हात लावला असेल, त्याचाही त्यांनी मनसोक्त उद्धार केला. गाडीचं पोट असं उघडं पडलेलं, त्यामुळे मामी तो आठवडाभर रिक्षानं गेल्या. शनिवारी त्या परत आल्या तेव्हा त्यांचे ओठ निळसर होते. मामांनी ते पाहिलं, आणि त्या रात्री ते जेवले नाहीत असं मला मामींकडून कळलं.

तिसऱ्या रविवारी मामांनी मामींचा हात-आरसा मागून घेतला. मी बॅटरी धरली, ते बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकले आणि आरसा तिरपा करून इंजिनाच्या पाठीमागं पाहू लागले. मग आरसा माझ्या हातात दिला. आम्ही ज्यांना दोन पाइप समजत होतो तो एकच पाइप होता. कुणीतरी तो वळवून परत इंजिनालाच जोडला होता. गरम पाणी हिटरच्या दारावरूनच माघारी जात होतं. आणि त्या जोडावरच्या क्लिपवर, तेलकट धुळीखाली, एक लाल ठिपका होता.

मामी वर गॅलरीत उन्हाला बसल्या होत्या. मामांनी मान वर करून विचारलं, "हे मी कधी केलं गं?"

"माझ्या आजारपणाच्या कितीतरी आधी, सटाण्याला एका लग्नाहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी," मामी म्हणाल्या. "गाडीत पायाशी सारखी गरम वाफ येत होती. मी म्हटलं, जीव नकोसा झालाय. तुम्ही सकाळी उठून गाडीखाली शिरलात. म्हणालात, नाशिकमध्ये हिटर लागतो कुणाला."

"मग तीन रविवार गप्प का बसलीस?"

"मला कुणी विचारलं? तुम्ही गाडीला विचारत होतात. आणि पाइप जोडला होतात का तोडला होतात, मला काय ठाऊक."

मी हसू दाबत मामांकडे पाहिलं. एरवी एवढा मोठा गुन्हेगार सापडल्यावर त्यांनी सारी कॉलनी गोळा केली असती. ते पायरीवर बसले आणि हात पुसत राहिले. "उकडायचं तिला तेव्हा फार," ते मला म्हणाले. "भर जानेवारीत पंखा लावायची. मी भांडायचो, मला थंडी वाजते म्हणून." मग उठून त्यांनी तो वळवलेला पाइप सोडवला, हिटरचे दोन्ही पाइप जिथले तिथे जोडले आणि डॅशबोर्ड परत बसवला. कोडं सुटूनही त्यांच्या तोंडावर आनंद नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मंगळवारी ट्रायलसाठी मलाही बोलावलं होतं. उपनगर नाक्यापर्यंत हवा कोमट झाली, द्वारका चौक येईस्तोवर गाडीत चैत्र आला. मामींनी आधी कोट काढला, मग शाल, आणि मग कानटोपी काढून मांडीवर ठेवली. थोड्या वेळानं त्यांची मान खिडकीकडे कलली. त्यांना गाढ झोप लागली होती. डायलिसिसला जाताना त्या वर्षभरात कधी झोपल्या नव्हत्या. त्यांचा आजार बरा होण्यातला नाही हे मामांना ठाऊक होतं, मलाही होतं.

हॉस्पिटलचं फाटक आलं. आयुष्यात कुठंही एक मिनिट उशिरा न पोचलेल्या मामांनी घड्याळाकडे पाहिलं आणि गाडी थांबवलीच नाही. एक चक्कर मारून यायला ती सरळ त्र्यंबक नाक्याकडे निघाली. मागच्या सीटवर माझा स्वेटर घामानं अंगाला चिकटला होता, मामांच्या कपाळावरून धारा लागल्या होत्या. मी काच खाली करायला हात पुढं केला.

"राहू द्या, जावईबापू," मामा हळू आवाजात म्हणाले. "वारा लागला तर जागी होईल."