ओट्यात गाडलेलं दार

आमच्या मागच्या ओट्यात आमचं मागचं दार गाडलेलं आहे. चार बोटं आत. पूर्ण उघडलेलं दार, तसंच उघडं, सिमेंटात पक्कं.

(दार लोखंडी पत्र्याचं, ओटा सिमेंटचा. दोन्ही टिकाऊ. टिकाऊ वस्तूंची आवड आमच्या ह्यांची.)

दहिसरला आमची बैठी चाळ. पुढे गल्ली, मागे गल्ली आणि मध्ये आमच्या दोन खोल्या. मागच्या दाराबाहेर आठ बाय सहाची मोकळी जागा होती. तिथे मी भांडी घासायचे आणि दोन मांजरी माझ्याकडे बघत बसायच्या. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले, खाली बसता येईना, तेव्हा ह्यांनी ठरवलं की इथे आईसाठी ओटा बांधायचा. पाय खाली सोडून सकाळचं ऊन खात बसेल.

आमच्या पुतण्याने मोबाईलवर परदेशातल्या घरांची मागची अंगणं दाखवली. लाकडी फळ्या, वर खुर्च्या, त्यावर छत्री.

"काका, याला डेक म्हणतात. एकदम झकास दिसेल!"

"लाकूड? दोन पावसाळ्यांत कुजेल! मला असा ओटा पाहिजे जो माझ्या नातवाचा नातू वापरेल."

(तेव्हा बाहेरगावी नोकरीला असलेल्या आमच्या मुलाचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं.)

मग ह्यांनी गावच्या बाबल मिस्त्रीला बोलावलं. बाबल मिस्त्री म्हणजे ह्यांच्यासारखाच. एका पोत्यात जे काम होतं ते तीन पोत्यांत करणारा. दोघांनी उकिडवं बसून जमिनीवर खडूने रेघा मारल्या. मागच्या गल्लीचं गटार पावसात तुंबतं, म्हणून ओटा उंच पाहिजे असं ठरलं. किती उंच? उंबरठ्याच्या वर चार बोटं. आत खडी, सळ्या, वर सिमेंटचा जाड थर.

इथे दाराबद्दल सांगायला पाहिजे. आमचं मागचं दार बाहेर उघडतं. आत उघडायला जागाच नाही, आत फ्रिज आहे. चाळीत सगळ्यांकडे तसंच. घरात फ्रिज आला की मागचं दार उलटं बसवून घ्यायचं. आणि ते दिवसभर उघडं, बाहेरच्या भिंतीला टेकवून, कडीत अडकवून ठेवायचं. वर्षानुवर्षं ते भिंतीला चिकटलेलंच बघितल्यामुळे ते दार आहे हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. त्यावर टॉवेल वाळतात, पापडाची चाळण लटकते.

त्या दाराला आम्ही नुकताच हिरवा रंग दिला होता. सिमेंट उडून रंगाची वाट लागेल म्हणून कामाच्या दिवशी पहाटेच उठून मी दाराला निळी ताडपत्री बांधली. वरून, खालून, बाजूने. गादीला खोळ घालतात तशी. चार ठिकाणी सुतळी. काम इतकं सुबक झालं की मी स्वतःच दोनदा लांबून बघितलं.

बाबल मिस्त्री आला, त्याने ताडपत्री बघितली आणि त्याला वाटलं की भिंत गळते म्हणून ती झाकली असेल. (चाळीत अर्ध्या भिंती अशाच झाकलेल्या असतात.) घमेली सुरू झाली. खडी पडली, सिमेंट पडलं. मिस्त्री गुडघ्यावर बसून थापीने ताडपत्रीच्या कडेकडेने सिमेंट दाबत गेला. छान, गोल, गुळगुळीत.

मी चहा घेऊन उभी होते. मला दिसलं.

मला स्वच्छ दिसलं की सिमेंट दाराच्या खालच्या कडेला चढतंय! पण समोर मिस्त्री, त्याची तीन माणसं, हे, सासूबाई. इतक्या लोकांत मी आजपर्यंत तोंड उघडलेलं नाही. मी मनात म्हटलं, त्यांना कळत असेल. इतकी मोठी माणसं आहेत, काहीतरी हिशोबाने करत असतील. तरी मी धीर केला. एक पाऊल पुढे टाकलं. घसा साफ केला.

"काय गं?" हे म्हणाले.

"साखर कमी नाही ना?" मी विचारलं.

काम झालं. मिस्त्रीने ओट्यावर हात फिरवला आणि मला म्हणाला, "वैनी, ह्यो ओटो आता हलूचो नाय. सात दिवस धक्को लागता नये आणि पाणी मारुक विसरा नको. जितक्या पाणी, तितको घट्ट!"

पाणी मारायचं काम माझं. मी दिवसातून चार वेळा ओट्याला पाणी घातलं. एवढं पाणी मी कधी तुळशीलाही घातलेलं नाही. धक्का लागू नये म्हणून मागचं दार लावायचं नाही असं ह्यांनी ठरवलं आणि स्वतः आतल्या बाजूला दारात आडवी खाट टाकून झोपू लागले. मी विचारलं, "चोरासाठी?" तर म्हणाले, "चोर आला तर ओट्यावर पाय देईल ना!"

सातवा दिवस शुक्रवार. शनिवारी सकाळी आम्हाला कणकवलीला जायचं होतं, माझ्या भावाच्या मुलीच्या लग्नाला. मी तिची एकुलती एक आत्या. पहिली हळद मी लावायची असं ती पोरगी पाच वर्षांची असल्यापासून ठरलेलं. मी माहेरी जाऊन तीन वर्षं झाली होती. बॅगा भरून झाल्या होत्या, गाडी ठरली होती, मी साडीला फॉलसुद्धा लावून घेतला होता.

संध्याकाळी ह्यांनी मोठ्या थाटात मिस्त्रीला बोलावलं आणि ताडपत्री सोडली. आत हिरवं दार. एक डाग नाही! ह्यांनी कडी काढली आणि दार ओढलं.

दार आलं नाही.

ह्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. मग मिस्त्रीने ह्यांना धरून ओढलं. मग ह्यांनी खाली वाकून बघितलं आणि तसेच वाकलेले राहिले. मला वाटलं, पाठीत उसण भरली.

"अरे," हे अगदी हळू म्हणाले, "बाबल, तू दार गाडलंस!"

"दार? खयचा दार? थयसर भिंत होती!"

"हे काय आहे मग?"

"आता दार आसा! तेव्हा भिंत होती!"

"भिंतीला बिजागऱ्या असतात का रे?"

"आणि ताडपत्रेत गुंडाळलेला दार माका कसा दिसात? माझे डोळे काय ताडपत्रेतसून आरपार बघतत?"

आवाज चढला. गल्लीतून माणसं गोळा झाली. सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "पण ताडपत्री बांधल्यान कोणी?"

"मी," मी म्हटलं. कोणालाच ऐकू गेलं नाही.

"मिस्त्रीनेच बांधली असेल," हे ओरडले.

"मी बांधली," मी पुन्हा म्हटलं. मिस्त्री देवाची शपथ घेत होता, त्यात तेही बुडालं. मग मी डोळे मिटले आणि सगळा जोर लावला. नेमके त्याच क्षणी सगळे दमून गप्प झाले होते.

"ताडपत्री मीच बांधली!!"

ते चौथ्या खोलीपर्यंत ऐकू गेलं. कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

"तू बांधलीस," हे म्हणाले. "आणि सिमेंट चढताना तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"दिसलं? मग बोलली का नाहीस?"

"साखर विचारली ना!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

मग छिन्नी आली. हातोडा आला. बाबल मिस्त्रीने दहा घाव घातले आणि ओट्याला एक बारीक ओरखडा पडला. तो खिन्न व्हायला पाहिजे होता, पण त्याच्या तोंडावर अभिमान मावेना. "बघलास? पाणी बरोब्बर मारलेला आसा! वैनींनी काम चोख केल्यानी!" बिजागऱ्या काढाव्यात तर त्या जोडून टाकलेल्या, वेल्डिंग करून. (टिकाऊ!) वेल्डरला फोन लावला तर तो म्हणाला, मंगळवारी येतो.

मंगळवार! आणि गाडी उद्या सकाळी सहाला. मागे सताड उघडं घर टाकून जायचं कसं? मी बॅगेकडे बघत होते. शेवटी ह्यांनी मान वर केली.

"मग असं करू. मी आणि आई लग्नाला जाऊन येतो. तू घर सांभाळ."

मला आधी वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. भाऊ माझा. भाची माझी. हळद मी लावायची. आणि हे जाणार जेवायला!

"मी जाणार," मी म्हटलं.

"अगं पण घर..."

"घर गाडू दे सिमेंटात! मी जाणार! हळद मी लावणार! तुम्ही बसा खाटेवर, ओट्याला पाणी मारत!"

माझा मलाच धक्का बसला. सासूबाई डोळे मोठे करून म्हणाल्या, "अगो बाय माझे! हिका वाचा आसा!"

बाहेर जमलेल्या माणसांत शेजारच्या सुजाताताई होत्या. मूळच्या जालन्याकडच्या, आवाज खणखणीत, कोणाला न घाबरणाऱ्या. त्या सरळ आत आल्या. "जा हो वहिनी तुम्ही बिनघोर. भाऊजी, तुम्हीबी जा. मी हाय ना! माझी खाट टाकते तुमच्या दारात. कोन येतो बघतेच मी."

आम्ही गेलो. पहिली हळद मी लावली. भाची रडली, मी रडले, भाऊ पण रडला. लग्न झकास झालं. ह्यांनी मात्र मांडवात भेटेल त्याला ओट्याचे फोटो दाखवले, दार वगळून.

सोमवारी सकाळी परत आलो. हे नाक्यावर गाडीवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत थांबले, सासूबाई गाडीतच. मी बॅग घेऊन पुढे निघाले. गल्लीत वळले आणि जागीच उभी राहिले. आमच्या पुढच्या दारासमोर रांग! वीस-पंचवीस माणसं! इतकी माणसं दारात कधी जमतात ते आपल्याला माहीत असतं. मी मनात घरातली एकेक माणसं मोजली. सगळी तर माझ्याबरोबरच आली होती!

मग हंडे दिसले. बादल्या, कॅन, कळशा. गल्लीपलीकडच्या चाळीचं पाणी शनिवारपासून बंद होतं आणि टँकर येत होता मागच्या गल्लीत. त्यांना तिकडे जायचं तर आमच्या पूर्ण चाळीला वळसा. आणि आमचं घर पुढून मागपर्यंत आरपार उघडं! सुजाताताईंनी सगळ्यांची सोय केली होती. माणसं पुढच्या दाराने आत जात होती, बैठकीतून, फ्रिजजवळून, ओट्यावरून टँकरकडे. भरलेला हंडा येताना ओट्यावर टेकवत होती, दम खात होती आणि त्याच वाटेने परत येत होती. सुजाताताई आतून ओरडत होत्या, "चप्पल बाहेर! लोकाचं घर हाय!"

मी पुढे सरकले. म्हटलं, सांगावं की मला आत जायचंय. तेवढ्यात पलीकडच्या चाळीतली एक तरणी बाई, मला न ओळखणारी, बादली आडवी धरून म्हणाली, "ओ मावशी, कुठे घुसताय? आम्ही काय येडे आहोत का? लाइनीत या ना!"

मी तोंड उघडलं. समोर पंचवीस माणसं. सगळी माझ्याकडे बघत होती.

अर्ध्या तासाने माझा नंबर लागला. उंबऱ्याशी सुजाताताईंनी मान वर न करता विचारलं, "भांडं कुठाय?" आणि मी माझ्याच घराच्या दारात, हातातली बॅग पुढे केली.