बारा धाग्यांची तसबीर

चिखलीच्या पेठेत नजीरचं चौकटींचं दुकान होतं. देवादिकांच्या, मक्का-मदिन्याच्या चित्रांना काच आणि लाकडी चौकट बसवून द्यायची, एवढंच त्याचं काम. हाताचा सफाईदार माणूस, पण स्वभावाने अगदीच घाबरट. गिऱ्हाईक जरा चढ्या आवाजात बोललं की याच्या हातातला खिळा खाली. अशा माणसाने कॅमेऱ्याच्या नादी लागावं कशाला, हे त्याच्या आईला, अमीरबीला, कधीच कळलं नाही; आणि खरं सांगायचं तर त्याचं त्यालाही नाही.

तो कॅमेरा एका ओव्हरसियरने त्याच्या गळ्यात मारला होता. बदली झाली, सामान आवरायला घेतलं, आणि ही लाकडी पेटी कुठे वागवायची म्हणून नजीरला बोलावून दिली. पुढे पितळी भिंग, मध्ये चामड्याचा भाता, खाली तीन पायांची घोडी, सोबत काचेच्या प्लेटांची खोकी. शिकवणी म्हणाल तर साहेबाने टांग्यात पाय ठेवता ठेवता दिली. प्लेटा कशा धुवायच्या ते घाईघाईने सांगितलं आणि वर दोन गोष्टी: भिंगावरचं टोपण काढलं की उजेड आत जातो, आणि भिंगाभोवतीचं कडं फिरवलं की छिद्र लहानमोठं होतं. कड्यावर आठपासून बत्तीसपर्यंत आकडे होते.

नजीरने आपली अक्कल चालवली. बत्तीस मोठा आकडा, म्हणजे छिद्र मोठं. दुकानात उजेड कमी, म्हणून कडं बत्तीसवर. चार दिवस, चार प्लेटा, आणि चारही कोऱ्या. तो डोक्याला हात लावून बसला, तेव्हा दुकानामागच्या घरातून त्याची बायको अजीजुन्निसा पडद्याशी आली. दुकान रिकामं पाहून ती पुढे झाली, भिंगात डोकावली आणि कडं फिरवून पाहिलं.

"अवो, हे उलटं हाये नं," ती म्हणाली. "आकडा वाढला का भोक बारीक होते. तुमी दार लावून उजेड मांगून राह्यले."

अजीजुन्निसा देऊळगाव राजाच्या विणकरांची लेक. आकड्यांपलीकडे अक्षर म्हणून तिला ओळखता येत नव्हतं, पण मागावरचे धागे मोजण्यात तिचा जन्म गेला होता. लहानपणी बापाजवळ बसून ती ताण्याचे धागे तोंडाने मोजायची: एक धागा, दोन धागे, तीन धागे. शंभरावर गेली तरी चाल बदलायची नाही. नजीरचं नेमकं उलटं होतं. टोपण काढून किती वेळ थांबायचं ते मनात मोजावं लागे, घड्याळ घरात नव्हतं, आणि समोर बसलेल्या माणसाने डोळे वटारले की याचे आकडे धावत सुटत. पाच म्हणता म्हणता दोनही झालेले नसत.

मग असं ठरलं की गिऱ्हाईक आलं की तिने पडद्याआड बसायचं आणि हळू आवाजात, मागावरच्याच चालीने, धागे मोजायचे. वाड्या-वस्त्यांवरचे लोक येत, छाती पुढे काढून बसत आणि पडद्यामागून येणारी ती कुजबूज ऐकून बावरत. एकदा उकंडराव पाटलांनी विचारलंच, "काऊन बे नजीर, आत जप कोन करून राह्यलं?"

"माय हाये पाटील," नजीरने ठोकून दिलं. "तस्बी फिरवते."

पाटलांनी आदराने पागोटं सारखं केलं. आत अजीजुन्निसा तोंडात पदर कोंबून हसत होती, आणि तो धागा तेवढा जास्तीचा गेला.

दोघं मिळून शिकत गेले. कडं आठवर ठेवलं की जवळची एकच वस्तू लख्ख येते आणि मागचं सगळं विरघळतं, हे त्यांना एका सुईने शिकवलं. छिद्र बारीक करून जास्त मोजलं तर सुईही येते आणि मागच्या भिंतीचे पोपडेही येतात. आठवर तीन धागे लागतात तिथे सोळावर बारा लागतात, हे तिने बोटांवर करून दाखवलं. पुढे नजीरला एक खूळ सुचलं. उजेड आणखी अडावा म्हणून कंदिलाच्या काजळीवर काचेचा तुकडा काळा केला, तो भिंगापुढे बांधला, कडं बत्तीसवर नेलं आणि माडीच्या खिडकीतून भर आठवडी बाजारावर कॅमेरा रोखला. तिने खिडकीखाली बसून साठ धागे मोजले. प्लेट धुतली तर बाजार रिकामा! दुकानं होती, पालं होती, माणूस एक नव्हता. फक्त बसलेला एक बैल, आणि मशिदीच्या पायरीवर रोज बसणारा आंधळा फकीर.

अजीजुन्निसा ती काच उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिली. "जे हालले ते गेले," ती म्हणाली. "जो बसून राह्यला तो राह्यला."

तिचा स्वतःचा फोटो मात्र कुणी काढला नव्हता. घरातल्या बाईची तसबीर काढायची हा विचारच अमीरबीला पाप वाटे, आणि आईपुढे बोलायची नजीरची टाप नव्हती.

मग खोकला आला. आधी पावसाळ्यातला म्हणून काढा झाला, मग बुलढाण्याच्या दवाखान्यात दाखवलं, आणि मग छातीचा क्षय म्हणून डॉक्टरांनी मान हलवली. लढाईचे दिवस होते. बाहेर माणसांना औषध मिळेना तिथे फोटोच्या प्लेटा कुठून यायच्या? मुंबईहून येणारा माल बंद झाला आणि खोक्यात शेवटची एक प्लेट उरली. नजीरने ती कापडात गुंडाळून ठेवली. कशासाठी ठेवली होती ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण अजीजुन्निसाने ओळखलं.

नूरजहां तेव्हा दोन वर्षांची होती. एके दिवशी दुपारी तिला मांडीवर थोपटत अजीजुन्निसा म्हणाली, "हिले माझं तोंड आठवनार नाही. तुमी माझी तसबीर काढा."

दारात अमीरबी उभी होती. नजीर घाबरून आईकडे पाहू लागला. म्हातारी वळली, आत गेली, पेटी उघडली आणि स्वतःच्या कफनासाठी जपून ठेवलेलं कोरं पांढरं कापड घेऊन आली. "खोलीत अंधार हाये," ती म्हणाली. "उन्हात धरते. तेवढाच उजेड पडन हिच्या तोंडावर."

आठवर कडं ठेवलं असतं तर तीन धाग्यांत काम झालं असतं. पण पोर मांडीवर पुढे, आईचा चेहरा मागे. आठवर दोघींपैकी एकच लख्ख येणार. "मले दोघी पाहिजे," अजीजुन्निसा म्हणाली. "मी कोनाची माय हाय ते दिसलं पाहिजे." नजीरलाही तेच हवं होतं. त्याला रजईचा टाका न् टाका हवा होता, खाटेचा सुंभ हवा होता, सगळं हवं होतं. कडं सोळावर. बारा धागे.

पोरगी झोपेपर्यंत ते थांबले. खोकल्याची एक उबळ येऊन गेली आणि अजीजुन्निसा भिंतीला टेकून स्थिर झाली. अमीरबीने दारातल्या उन्हात कापड ताणून धरलं.

"मी मोजतो आज," नजीर म्हणाला. "तू फक्त हालू नको."

"तुमच्यानं होईन?"

"होईन."

त्याने टोपण काढलं. एक धागा. दोन धागे. तीन धागे. ती सरळ त्याच्याकडे पाहत होती. इतकी वर्षं पडद्याआड बसून ज्याच्यासाठी मोजलं, त्याच्यासमोर ती पहिल्यांदाच अशी बसली होती. चार धागे, म्हणताना त्याचा आवाज फाटला. पुढचा आकडा निघालाच नाही. टोपण हातात, भिंग उघडं, आणि खोलीत कुणीच मोजेना.

"पाच धागे," अजीजुन्निसा म्हणाली. "सहा धागे. सात धागे."

चाल तीच होती. आठ, नऊ, दहा. एकदाही खोकली नाही, श्वास चोरून तिने बारापर्यंत नेलं. बारावर नजीरने टोपण लावलं आणि तो खाली बसून ढसाढसा रडला. अमीरबीने कापड खाली घेतलं. हसत होती ती एकटी अजीजुन्निसा. "बराबर बारा झाले," ती म्हणाली.

तिघांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. फोटो म्हटला की अजीजुन्निसाने मोजायचं, हे त्या घराच्या इतकं अंगवळणी पडलं होतं.

नजीरला ते कळलं प्लेट धुताना, लाल कंदिलाच्या उजेडात. आधी रजई उमटली. मग खाटेचा सुंभ. मग नूरजहांच्या मिटल्या पापण्या, एकेक केस वेगळा. मग अजीजुन्निसाचं कपाळ आणि तिचे डोळे. आणि नाकाखाली धूर. ओठ नाहीत, हनुवटी नाही, नुसता पुसल्यासारखा डाग. जे हालले ते गेले. त्याने थाळी हलवली, परत हलवली, जणू खाली कुठेतरी तोंड अडकून राहिलं असावं. तीन धाग्यांत झालं असतं, तीन तर त्याला मोजता आले होते. स्वतःला शिव्या देत तो त्या कोंदट खोलीत किती वेळ उभा होता, त्याचं त्याला माहीत.

"कशी आली?" तिने खाटेवरून विचारलं.

"साजरी आली," तो म्हणाला. "वाळू दे. मंग दाखवतो."

दुसऱ्या दिवशीही ती वाळतच होती आणि तिसऱ्या दिवशीही. अजीजुन्निसाने पुन्हा विचारलं नाही. तिला कळलं होतं की नाही, देव जाणे. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. अमीरबीचं पांढरं कापड तिलाच लागलं.

नजीरने ती तसबीर चौकटीत बसवली, पण भिंतीवर लावली नाही. पेटीत, अमीरबीचं कापड असायचं त्या जागी ठेवली. नूरजहां सात वर्षांची झाली तेव्हा तिला ती सापडली. दुकानात येऊन तिने ती बापाच्या पुढ्यात ठेवली आणि पुसलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"अब्बा, अम्मीचं तोंड असं काऊन हाये?"

नजीरने हातातली हातोडी खाली ठेवली. "बोलून राह्यली ती," तो म्हणाला.

"काय बोलून राह्यली?"

नजीरने पोरीला जवळ घेतलं. तिचं बोट त्या डागावरच होतं. "पाच धागे," तो म्हणाला. "सहा धागे. सात धागे." दारात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, तरी तो थांबला नाही आणि घाईही केली नाही. तो बारापर्यंत मोजत गेला, आणि या खेपेला एकही धागा चुकला नाही.